पिवळा निघालेला पोपट

"अहो, हा कोण?" काकूंनी विचारलं.

नळकाकांनी प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद खिडकीच्या उजेडात धरला. वर मोठ्या अक्षरांत 'हरवला आहे' आलं होतं. खाली पत्ता आला होता. मधे मात्र, जिथे त्यांचा हिरवागार पोपट असायला हवा होता, तिथे एक पिवळाधमक पक्षी बसला होता. लाल चोच, पिवळं अंग, आणि डोळ्यांत असा भाव, की आपलं हे काय झालं ते त्यालाही कळलेलं नाही.

"बूचच आहे की," काका म्हणाले. "जरा फिकट आलाय."

"फिकट? कावीळ झालीय त्याला!"

"अगं, लोक काय रंग बघतात होय? लोक चोच बघतात. चोच बघ कशी झकास आलीय."

काकूंना पटलं नव्हतं, पण वाद घालायला वेळ नव्हता. दुपार कलायला लागली होती. अंधार पडायच्या आत बूच घरात यायला हवा होता, कारण बाहेर मांजरं होती, आणि ती मांजरं कशी होती ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यातल्या एकाने म्हणे एकदा पतंग आकाशातून उतरवून खाल्ला होता.

हा बूच घरात आला तोच मुळी पाइपातून. गच्चीवरचा पावसाळी पाइप तुंबला म्हणून धंद्याने प्लंबर असलेल्या काकांनी आत हात घातला, तर गाळाऐवजी हाताला लागलं पोपटाचं पिल्लू. पाइपाच्या तोंडाशी घट्ट बसलेलं, बूच लावल्यासारखं. म्हणून नाव बूच. काकूंनी त्याला बोटाने भरवून मोठा केला. घरभर मोकळा उडायचा, पडद्याच्या दांडीवर झोपायचा, पण एक गोष्ट त्याने कधी केली नाही. तो बोलला नाही. काकू वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून "या, बसा" शिकवत होत्या. बूच मान वाकडी करून असा बघायचा, जणू तोच परीक्षक आणि काकू नापास. शेजारीपाजारी त्याला सरळ 'मुका' म्हणायचे. काकूंना ते लागायचं.

आणि त्या दिवशी सकाळी खिडकीची जाळी धुवायला कुणी काढली? नळकाकांनी. परत बसवायला कोण विसरलं? तेही सांगायला नको.

काकू ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. सकाळपासून पाण्याशिवाय त्यांनी काही तोंडात घातलं नव्हतं, आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "मुका आहे हो तो. अडचणीत सापडला तर हाकसुद्धा मारता यायची नाही त्याला." काकांच्या काळजात जे गेलं, ते तिथेच अडकून बसलं.

मग काकांनी मुलीने पूर्वी काढलेला बूचचा फोटो मजकूर लिहिलेल्या कागदावर चिकटवला, तो कागद प्रिंटरच्या काचेवर पालथा घातला आणि रंगीत नकलेचं बटण दाबलं, तर निघाला हा पिवळा. प्रिंटर मुलीचाच. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा आतल्या खोलीत ठेवून गेली होती. काकांनी पिवळ्या पोपटाचा गठ्ठा काढला आणि भिंती, खांब, दुकानांची दारं, जिथे जागा दिसेल तिथे चिकटवत सुटले.

घरी परतले तर दारात माणसं.

सगळ्यांत पुढे कोपऱ्यावरचा सलूनवाला. त्याच्या हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात एक पिवळी, कर्कश, चिमुकली कॅनरी.

"काका, सापडला तुमचा!"

"अरे, हा पोपट आहे का?"

"रंग जुळतोय ना? घ्या की जुळवून. माझ्या घरचाच आहे, फार ओरडतो."

त्याच्या मागे एक बाई बदकाचं पिल्लू पदरात गुंडाळून उभी. तिच्यामागे एक गृहस्थ पिशवीत कोंबडी घेऊन. "चोच लाल आहे हो," तो काकुळतीने म्हणाला, "जवळून बघा, लाल आहे." एकाने भिंतीवरच्या घड्याळातला पिवळा लाकडी पक्षीच उपटून आणला होता. त्याचं म्हणणं, दर तासाला बोलतो, मुका तर मुळीच नाही.

काकूंनी प्रत्येक पक्ष्याकडे नीट पाहिलं, कोंबडीच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला, आणि मग दार नुसतं लोटून काकांकडे वळल्या.

"माझा बूच हिरवा आहे."

"हो गं."

"मग जगाला हिरवा दिसू दे."

काकांनी मुलीला फोन लावला. तिने कागद कसा आलाय ते नीट ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, "बाबा, निळा रंग बंद झालाय. पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा. निळा येत नाही म्हणून नुसता पिवळा उरलाय. शाई वाळून, ती कागदावर सोडणारं हेड तुंबलंय. पण तुंबलं कसं? दर आठवड्याला एक रंगीत पान काढा असं बजावून आले होते ना मी?"

"तुझी आई काढायची की," काका म्हणाले.

"मी?" काकू फोनमध्ये डोकावल्या. "तुम्ही काढायचात! रोज ऐकायचे मी बाहेरून. खर्रर्र, टक-टक, चुईं."

"मीही ऐकायचो. मला वाटायचं तू."

"मी कशाला त्या यंत्राला हात लावू?"

"मग आवाज कुणाचा यायचा? माझ्या आजीचा?"

"आई, बाबा, नंतर भांडा," मुलगी म्हणाली. "आधी यंत्राला स्वतःची सफाई करायला लावा. खालचं बटण दाबून धरा."

काकांनी बटण दाबून धरलं. प्रिंटर जागा झाला. खर्रर्र... टक-टक... चुईईं. मग सगळं शांत. मग पुन्हा, लांबून आल्यासारखं, खर्रर्र... टक-टक... चुईईं.

काकांनी कान यंत्राला लावला. हा कान म्हणजे साधासुधा कान नव्हता. पाइपाला लावला की गाळ कुठल्या वळणावर बसलाय ते सांगायचा. "आवाज दोनदा येतोय," ते गंभीरपणे म्हणाले. "आत शाई उलटी फिरतेय. माल परत येतोय."

कागद निघाला. पोपट पिवळाच.

"हेड बाहेर काढावं लागेल," मुलगी म्हणाली. "आधी प्लग काढा. मग कोमट पाणी, बशी आणि वाट बघणं. बाबा, एक ध्यानात ठेवा. जोर लावायचा नाही. त्याची भोकं फार बारीक असतात."

"बारीक म्हणजे केवढी?"

"केसापेक्षाही बारीक. आणि शेकड्यांनी."

काका हसले. ज्या माणसाने म्हैस चालत जाईल एवढ्या पाइपातून झाडाची मुळं ओढून काढली, जो टाकीच्या तळाशी उभा राहून वरच्या माणसांशी गप्पा मारायचा, त्याच्यापुढे हे काय! पण हेड हातात आलं आणि त्यांचं हसू मावळलं. काड्यापेटीएवढी वस्तू. उलटी केली तर खाली एक काळसर पट्टी, गुळगुळीत, नखासारखी. भोकं कुठे आहेत? काकांनी चष्मा लावला. काकूंचं सुईत दोरा ओवायचं भिंग आणलं. चष्म्यावर भिंग धरलं. काही दिसेना.

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "इथे शेकड्यांनी नळ आहेत."

"कुठे?"

"तेच तर. आहेत आणि दिसत नाहीत." त्यांनी हेड असं धरलं, जणू ते झोपलंय आणि जागं होईल. "एवढ्याशा नळाला वायसर कुणी घातला असेल गं? कसला पाना असेल त्याचा? आयुष्यभर मी पाइप पाइप म्हणून जे ओढलं, ती नुसती भगदाडं होती."

काकूंनी बशीत कोमट पाणी ओतलं. काकांनी श्वास रोखून हेड त्यात टेकवलं. आधी काहीच झालं नाही. मग एका कडेने गुलाबी धूर निघाला. पाण्यात धूर! तो वळला, पसरला, त्याच्यापाठोपाठ पिवळा निघाला, दोघं एकमेकांत मिसळून केशरी झाले, आणि नवरा-बायको बशीवर डोकी वाकवून असे बघत राहिले, जणू आकाश त्या बशीतच उतरलंय. सकाळपासून पहिल्यांदा काकूंच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"निळा नाही आला," त्या म्हणाल्या.

नाहीच आला. निळा घट्ट बसला होता. काका पाणी बदलत राहिले, हेड हलकेच हलवत राहिले, जोर लावायचा नाही असं स्वतःला बजावत राहिले. खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला. बाहेर एक मांजर भिंतीवर येऊन बसलं आणि आपला पंजा चाटू लागलं. काकूंनी ते पाहिलं. काकांनी काकूंना पाहताना पाहिलं.

आणि मग माणसाचा हात सवयीवर गेला. पाण्याच्या टाकीतून पाणी काढायचं असलं की प्लंबर काय करतो? नळी लावतो आणि तोंडाने एक झुरका ओढतो, की पाणी आपोआप चालू. काकांनी एक मऊ, बारीक नळी घेतली, हेडच्या वरच्या बाजूला, जिथे निळ्या शाईची डबी बसते त्या तोंडावर लावली, आणि दुसरं टोक ओठांत धरलं.

"अहो, काय करताय?"

"जोर नाही लावत. नुसतं आर्जव करतोय."

आणि त्यांनी ओढलं.

शाई आली. खोटं कशाला बोलावं, मनापासून आली. इतके महिने जी एका थेंबाला महाग होती, ती काकांच्या तोंडात अशी काही आली, की गालच फुगले. काका बेसिनकडे धावले. थेंबभर शाई असेल ती, पण तिने बशी निळी केली, बेसिन निळं केलं, टॉवेल निळा केला, आणि गल्लीच्या टोकाच्या गटारातले बेडूक म्हणे आठवडाभर निळे निघत होते.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सिस्टर आत आल्या. इस्पितळात जन्म गेलेला त्यांचा, माणसाचा चेहरा बघून आजार ओळखायच्या. त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. ओठ निळे. जीभ निळी. डोळे वटारलेले.

"आडवे व्हा!" सिस्टर गरजल्या.

"अहो सिस्टर, मी..."

"बोलू नका! वहिनी, उशा आणा. पाय वर! रक्तात हवा पोचत नाहीये यांच्या."

"रक्तात नाही हो, हेडमध्ये..."

"ऐकलंत? डोक्यापर्यंत गेलंय!"

काकांना जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, बटणं सैल केली. दार उघडं राहिलं होतं, तिथून सलूनवाला कॅनरीसकट आत आला, कोंबडीवाला आत आला. काकांनी समजवायला तोंड उघडलं की निळे दात दिसायचे, आणि सगळे एक पाऊल मागे सरायचे.

"शाई आहे ती!" शेवटी काकू ओरडल्या. दिवसभर साठलेलं सगळंच त्या ओरडण्यात बाहेर आलं. "शाई प्यायलेत ते! माझ्या पोपटासाठी शाई प्यायलेत!"

सिस्टरनी काकांच्या ओठावरून बोट फिरवलं, बोट निळं झालं. त्यांनी काकांचे पाय खुर्चीवरून अलगद खाली ठेवले. "माझ्या घरचा माणूस," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी साधा चहा करत नाही."

काका उठले. हेड पुसलं, वाळवलं, जागेवर बसवलं, डब्या लावल्या. प्लग घातला. सगळे भोवती उभे, कॅनरीसुद्धा गप्प. सफाईचं बटण. खर्रर्र... टक-टक... चुईईं. मग नक्कल. कागद हळूहळू सरकत बाहेर आला.

पोपट पिवळा होता. शेपटीला हिरव्याची एक पुसट रेघ, बस.

काकूंनी कागद हातात घेतला आणि घडी घालून कमरेला खोचला. बाहेर दिवे लागायला लागले होते. काकांनी प्लग उपटला. "यंत्राची चूक नाही," ते म्हणाले. "जाळी मी काढली होती."

आणि त्या क्षणी, प्लग हातात लोंबत असताना, आवाज आला.

खर्रर्र... टक-टक... चुईईं.

सलूनवाल्याच्या हातून पिंजरा निसटता निसटता राहिला. काकांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. मग प्रिंटरकडे पाहिलं. दिवा बंद. त्याचा छोटा पडदा काळा. आणि आवाज पुन्हा. खर्रर्र... टक-टक...

"वीज नाही," सिस्टर कुजबुजल्या, "आणि चालतोय."

एकदोघांनी डोळे मिटून हात जोडले. कोंबडीवाला दाराकडे सरकला. पण काका मात्र तसेच उभे होते, मान वाकडी करून, कान टवकारून. तुंबलेल्या पाइपासमोर ते असेच उभे राहायचे. ते प्रिंटरकडे गेलेच नाहीत. ते बेसिनकडे गेले. खाली वाकले, भिंतीतून वर जाणाऱ्या जुन्या पावसाळी पाइपाला कान लावला, आणि त्यांच्या निळ्या तोंडावर असा काही भाव आला, की काकू धावत जवळ आल्या.

"काय हो? काय ऐकू येतंय?"

"वरून येतंय," काका म्हणाले. "गच्चीवरून. अगं, हा प्रिंटर नाही. हा... हा तो आहे."

"कोण तो?"

"ज्याने आपल्याला इतके महिने फसवलं तो!"

काकू आधी समजल्या नाहीत. मग एकदम समजल्या. आतल्या खोलीत रोज वाजणारा प्रिंटर. आपण म्हणायचो नवरा, नवरा म्हणायचा बायको. आणि पडद्याच्या दांडीवर तो, मान वाकडी करून, मुका! त्यांनी पदर खोचला आणि जिना असा चढल्या, की पायऱ्यांनी म्हणे नंतर विश्रांती मागितली.

गच्चीवर, ज्या पाइपातून तो जन्माला आल्यासारखा निघाला होता, त्याच पाइपाच्या तोंडात बूच बसला होता. आत सरकून, अंग चोरून, नुसती लाल चोच बाहेर. कठड्यावर मांजर येऊन पोचलं होतं आणि घाई नसल्यासारखं बसलं होतं.

"बूच! बूच, ये!" काका म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "बूच!" सलूनवाला म्हणाला, "राजा, ये रे!" बूच आणखी आत सरकला. त्याला आपलं नाव कधी कळलंच नव्हतं, ते नाव तर माणसांनी माणसांसाठी ठेवलं होतं.

काकूंनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. गल्लीत ज्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नसे अशा त्या बाई गुडघ्यांवर बसल्या, मान पुढे केली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या,

"खर्रर्र."

कुणी हसलं नाही. हसायची छातीच झाली नाही कुणाची.

"टक-टक," काकू म्हणाल्या. "चुईईईं."

पाइपात खसफस झाली. चोच बाहेर आली, मग डोकं, मग ते हिरवं, हिरवंगार, कुठल्याही यंत्राला न जमलेलं हिरवं अंग. बूचने काकूंकडे पाहिलं. इतकी वर्षं ही बाई काहीबाही बडबडायची, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. तो उडाला आणि त्यांच्या खांद्यावर येऊन बसला. त्यांच्या कानात हळूच म्हणाला, "टक-टक."

काकू रडल्या, मग हसल्या, मग मांजराला चप्पल फेकून मारली. काकांनी न राहवून बूचच्या डोक्याचा मुका घेतला, आणि त्याच्या कपाळावर निळा ठसा उमटला, तो पिसं गळेपर्यंत गेला नाही.

त्या रात्री जेवताना दोघांना एकेक आठवत गेलं.

"दारावरची बेल वाजायची," काका म्हणाले. "उघडलं तर कुणी नाही. मी त्या शेजारच्या पोरांना किती बोललो!"

"आणि कुकर," काकू म्हणाल्या. "शिट्ट्या मोजून उतरवायचा आणि आत सगळं कच्चं. तुम्ही म्हणायचात माझं लक्ष नसतं."

"आणि तू म्हणायचीस मी दुपारी घोरतो."

"तुम्ही घोरताच."

"मी जागा असायचो गं! शपथ घेऊन सांगायचो!"

दोघांनी पडद्याच्या दांडीकडे पाहिलं. दांडीवरून एक लांब, समाधानी घोरणं आलं. अगदी काकांसारखं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात काका बाहेरच्या खोलीत वायसर निवडत बसले होते, काकू शेजारीच भाजी चिरत होत्या, आणि आत वाजलं, खर्रर्र... टक-टक... चुईईं.

"नकला करतोय," काकू कौतुकाने म्हणाल्या.

काकांनी कान टवकारला. "नाही गं. कागदाचा आवाज पण येतोय."

दोघं दाराशी गेले आणि तिथेच थबकले. बूच प्रिंटरवर उभा होता. एक पाय लुकलुकणाऱ्या बटणावर. प्लग काकांनी दुसऱ्याच दिवशी परत लावून ठेवला होता. काचेवर तो फोटोचा कागद तसाच पालथा राहून गेला होता, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि पुढच्या तबकात, तासन्‌तास मुरलेल्या पाण्याने शेवटी वाट करून दिल्यामुळे, एक नवं पान उतरत होतं. 'हरवला आहे.' खाली पोपट. पानासारखा हिरवा, काचेसारखा स्वच्छ, पिसन्‌पीस वेगळं दिसणारा. बूचने मान वाकडी करून ते पान वरून खालपर्यंत तपासलं. मग पास केल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर ते हेड कधीही तुंबलं नाही.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. "बाबा, दर आठवड्याला रंगीत पान काढताय ना?"

"एक आठवडा चुकत नाही."

"बरं झालं. कोण काढतं? तुम्ही की आई?"

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू हातात ताजं पान धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यावर निळ्या कपाळाचा हिरवा पोपट ते वाचत असल्यासारखा बसला होता.

"जो हरवलाय तो," काका म्हणाले.